पूर्ववत, पण कोणत्या मालकाची?

बमरोली, पांडेसरा, उधना हा सुरतेचा यंत्रमागांचा पट्टा. जळगाव-धुळ्याकडून कामासाठी आलेली कितीतरी कुटुंबं इथे आणि शेजारच्या लिंबायत-डिंडोलीत पिढ्यांपासून नांदताहेत. गावाकडे थोडी शेती राहिलेली असते, जुनं घर असतं आणि एखाद्या नशीबवान घराच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली, आजोबांची जीपही असते. ती बमरोलीला आणून रस्त्यावर काढायची ठरवली की दोन कामं एकदम सुरू होतात, एक गॅरेजमध्ये आणि दुसरं आरटीओत. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच: गाडी मूळची कोणाची?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लगेच दुसरं महायुद्ध येतं. ते साहजिक आहे. १९४० साली अमेरिकी सैन्याने मागणी केली, बँटम कंपनीने पहिला नमुना दिला, आणि मोठं उत्पादन मात्र विलिस आणि फोर्ड यांच्या वाट्याला आलं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा बाहेर पडल्या. पण खानदेशातल्या शेडखाली सापडणारी जीप सहसा त्यांतली नसते. ती मुंबईची, माझगावची असते.

माझगावची गोष्ट लुधियानात सुरू होते. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. आणि के. सी. महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. १९४९ मध्ये माझगावात जीप जुळवायला सुरुवात झाली; भाग विलिसकडून सुटे यायचे, गाडी इथे उभी राहायची. १९५४ मध्ये विलिसशी रीतसर सहकार्याचा करार झाला आणि हळूहळू भागही इथेच घडू लागले.

आपल्याकडे सर्वांत जास्त रुळलेलं मॉडेल सीजे-३बी. विलिसने ते १९५३ मध्ये आणलं. त्याचं बॉनेट उंच, आणि त्याला कारण आहे. युद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि जळालेला वायू सोडणारा खालीच ठेवला. २,१९९ सीसीचं इंजिन तेवढंच राहिलं, ताकद मात्र साठावरून सुमारे पंचाहत्तर अश्वशक्तीवर गेली. उंची वाढलेलं इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट वर उचललं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबलं. आपल्याकडे त्याचा वंश कितीतरी पुढे चालला.

म्हणून शेडमधली जीप पाहताना आधी जाळी मोजावी. युद्धातल्या जीपला नऊ उभ्या फटी, सीजेला सात. मग बॉनेटची बाजू पाहावी: सुरुवातीच्या गाड्यांवर पत्र्यात ‘विलिस’ उठवलेलं असे, पुढच्या गाड्यांवर ‘महिंद्र’. स्टिअरिंग डावीकडे असलं तर बिचकू नये. आपल्याकडच्या जुन्या जीपा बऱ्याच काळ तशाच निघत, आणि मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं रंगवून घेण्याची पद्धत होती.

लोखंड कळलं की कागद. धरून चला, जीप १९५८ साली जळगावात नोंदलेली आहे. तेव्हा जळगाव पूर्व खानदेश जिल्ह्यात होतं, आणि तो जिल्हा व सुरत दोन्ही मुंबई राज्यात. १ मे १९६० ला राज्याचे दोन भाग झाले. त्यामुळे पूर्वी एकाच राज्यात राहिला असता असा प्रवास आज आंतरराज्य ठरतो. जळगावच्या कार्यालयातून ना-हरकत दाखला हवा, त्यासाठी फॉर्म २८. गुजरातचा नंबर घ्यायचा तर फॉर्म २७. साध्या विक्रीला फॉर्म २९ आणि ३०.

पण जुन्या जीपचा इतिहास खऱ्या अर्थाने उलगडतो तो फॉर्म ३१ आणि ३२ मध्ये. मालक वारला आणि गाडी वारसाकडे आली तर ३१, सरकारी लिलावात घेतली तर ३२. जीपच्या आयुष्यातले दोन मोठे प्रसंग हेच. १९५२ साली सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप गावोगाव ओळखीची झाली. सरकारी खात्यांकडची वापरून झालेली जीप लिलावात जायची, तिथून बागायतदाराकडे, कंत्राटदाराकडे, मग मुलांकडे. या साखळीतली एक कडी कोऱ्या कागदावरच्या व्यवहाराची निघाली की सगळं अडतं. म्हणून पाना उचलण्याआधी चेसिसवर पंच केलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावी आणि आरसी बुकाशी ताडून पाहावी. नंबर जुळला तरच पुढचा खर्च.

गॅरेजमधलं काम बॉडी चेसिसवरून उचलण्यापासून सुरू होतं. पत्रा सडतो तो पायाखालचा, आणि त्याखाली आधाराला जोडलेल्या पट्ट्यांचा, कारण चिखल तिथे साचून राहतो. चेसिसला स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरपाशी आणि पुढच्या टोकांना तडे आहेत का ते घासून पाहावं लागतं. स्टिअरिंगचा ‘प्ले’ मधल्या बेलक्रँकच्या झिजेतून येतो. नुसता बॉक्स आवळून तो जात नाही. ट्रान्स्फर केसला दोन दांडे असतात, एक पुढची चाकं जोडायला आणि दुसरा लो गिअरसाठी. तिच्यातून ऑइल गळत असेल, ती रडत असेल, तर मधला शाफ्ट आणि त्याची बेअरिंगं आधी उघडावीत. झिजलेल्या जागी नवं बुश कातून बसवायला बमरोलीच्या माणसाला लांब जायला नको. मागांचे शाफ्ट आणि बुश करणाऱ्या लेथवाल्यांचा हातखंडा तोच आहे.

रंग घासताना मात्र घाई नको. थराखाली थर निघतो, आणि एकेक थर एकेका मालकाचा असतो. पहिला रंग बहुधा डॅशबोर्डच्या मागे आणि ड्रायव्हरच्या सीटखालच्या पेट्रोलच्या टाकीच्या जागी टिकलेला सापडतो. सँडब्लास्टिंगआधी त्याचे फोटो काढून ठेवावेत. नंतर तो पुरावा राहत नाही.

खरा पेच इंजिनाशी येतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलची जीप परवडेना. कोणी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसवलं, कोणी मॅटाडोरचं. त्यामुळेच ही जीप भंगारात न जाता शेतावर राहिली. पण जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार ‘विंटेज’ म्हणून नोंदायची गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन आणि रॅलीसारख्या कारणांपुरतीच.

म्हणजे कायदा पहिला मालक ओळखतो, मधल्यांना ओळखत नाही. आजोबांचं डिझेल इंजिन ठेवलं तर विंटेजचा मान नाही; हरिकेन शोधून बसवलं तर आजोबांची चाळीस वर्षं गाडीतून जातात. माझ्या मते दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. डिझेल इंजिन आरसीवर रीतसर चढलेलं असेल तर फिटनेस करून दर पाच वर्षांनी नेहमीची नोंदणी वाढवावी आणि जीप घरची म्हणून वापरावी. पहिला रंग, पहिलं इंजिन, पहिले कागद हाती लागले तर विंटेजकडे जावं.

तिसरी वाट मात्र सर्रास दिसते आणि ती खोटी आहे: माझगावच्या सीजेला हिरवा रंग आणि पांढरा तारा मारून ती नॉर्मंडीहून आली असं भासवायचं. अमेरिकेत तर महिंद्रच्या ‘रॉक्सॉर’ या जीपसारख्या गाडीला २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने जीपच्या घाटाची नक्कल ठरवलं, तेव्हा घाट बदलावा लागला. तिकडे त्या आकाराचा मालक कोण हे कोर्टकचेरीने ठरवलं. इथल्या जीपची मालकी तिच्या आरसी बुकात नावानिशी लिहिलेली आहे. त्या नावांपैकी एक निवडावं, त्या वर्षाची जीप करावी, आणि काढलेला एकही भाग भंगारवाल्याला देऊ नये. पुढच्या मालकाला वेगळं नाव निवडावंसं वाटू शकतं.