पॉइंट पाचचं बटण



गटाची बैठक संपली की फोटो निघतोच. पंधरा बायका एका ओळीत मावत नाहीत आणि फोटो काढणारीच्या पाठीशी भिंत, त्यामुळे तिला मागे सरकता येत नाही. मग कुणाची तरी कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, "मावशी, थांबा, पॉइंट पाच करते." ती बटण दाबते आणि दोन्ही टोकांच्या बायका फोटोत येतात. नंतर त्या टोकाच्या दोघी घरी फोटो बघतात आणि विचारतात, "अगं, मी एवढी जाड कधी झाले?"

त्या जाड झालेल्या नाहीत. तो त्या लेन्सचा गुण आहे. सहलीचा फोटो, वाडीचा फोटो, पंचायतीला द्यायचा फोटो, या सगळ्यांसाठी हल्ली हे बटण सर्रास दाबलं जातं. म्हणून ते नेमकं काय करतं हे आज समजून घेऊ.

फोनच्या पाठीवर दोन-तीन डोळे असतात. त्यातला एक रोजचा. दुसरा जास्त रुंद पाहणारा, त्याला अल्ट्रा वाइड लेन्स म्हणतात. कॅमेरा उघडल्यावर खाली १ च्या शेजारी ०.५ किंवा ०.६ असा आकडा दिसला, तर तुमच्या फोनला ही लेन्स आहे. काही फोनवर आकड्याऐवजी झाडांचं चित्र असतं. आकडाही नाही आणि चित्रही नाही, तर लेन्स नाही, मग पाठीवर चार डोळे का असेनात. स्वस्त फोनमध्ये बाकीचे डोळे बऱ्याचदा नुसते शोभेला असतात असं माझं मत झालंय. बाजारात चिमट्याने लावायच्या लेन्स मिळतात, त्यावर पैसे घालवू नका. कडेचं सगळं पुसट येतं.

फोटोग्राफर लोक लेन्स मिलिमीटरमध्ये मोजतात. मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशेबात २४ मिलिमीटरच्या खालची लेन्स म्हणजे अल्ट्रा वाइड. आकडा जितका लहान, तितकी नजर रुंद. फोनची रोजची लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीची असते आणि पॉइंट पाचवाली १३ च्या आसपास. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रोजची लेन्स ८० अंशांच्या आसपास पाहते, ही जवळजवळ १२० अंश. काटकोन ९० अंशांचा, म्हणजे ही काटकोनाच्याही बरीच पुढे गेली.

आता मुख्य गोष्ट. पॉइंट पाच केलं की रुंदीत दुप्पट आणि उंचीत दुप्पट, म्हणजे चौपट जागा फोटोत येते. पण ताट तेवढंच आहे. तेवढ्याच ताटात चौपट वाढायचं तर प्रत्येक पदार्थ थोडाथोडाच वाढावा लागणार. म्हणून फोटोतली प्रत्येक वस्तू निम्म्या उंचीची होते.

हे वाडीत करून बघा. एका मैत्रिणीला तुमच्यापासून दहा फुटांवर उभं करा. तिच्या मागे चाळीस फुटांवर एक नारळ असू दे, म्हणजे तुमच्यापासून तो पन्नास फुटांवर झाला. रोजच्या लेन्सने एक फोटो काढा. मग पॉइंट पाच करा. मैत्रीण निम्मी झाली, नारळही निम्मा झाला. आता पाच पावलं नव्हे, पाच फूट पुढे जा. मैत्रीण पुन्हा पहिल्याएवढी दिसेल, कारण अंतर निम्मं झालं. पण नारळ पन्नासावरून पंचेचाळीस फुटांवर आला, एवढाच काय तो फरक. तो निम्माच राहिला, जेमतेम थोडा वाढला. दोन्ही फोटो शेजारी ठेवा. मैत्रीण सारखीच, पण दुसऱ्या फोटोत नारळ लांब गेलाय आणि मधली वाडी मोठी झाल्यासारखी वाटते. वाडी तर इंचभरही वाढलेली नाही.

म्हणजे ही लेन्स नुसतं "जास्त मावतं" एवढंच करत नाही. ती जवळचं मोठं करते आणि लांबचं आणखी लांब नेते. एवढं हाताला कळलं की पुढचं सोपं आहे.

पावसाळ्यात आपल्या गासहून सनसिटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभ्या राहा. दोन्हीकडे पाणी, वर ढग, डोळ्यांना केवढं मोठं दिसतं! म्हणून आपण पॉइंट पाच करतो आणि फोटो येतो तो नुसता राखाडी. मध्ये हिरवी रेघ, बाकी काही नाही. कारण डोळ्यांना भावलेलं सगळं लांब होतं आणि लेन्सने ते आणखी लांब ढकललं. अशा वेळी पायाशी काहीतरी शोधा. पाण्यात बुडालेला बांध, गवताचा झुबका, कुणी कडेला ठेवलेली पाटी. त्याच्या दोन-तीन फुटांवर जा, बसा, फोन गुडघ्याएवढा खाली आणा आणि मग काढा. पाटी मोठी येईल आणि तिच्यावरून नजर पाण्याकडे, तिथून ढगाकडे जाईल. वाडीत हेच काम पाट करतो. पाटाच्या तोंडाशी बसून फोटो काढला की पाण्याची रेघ तुमच्या पायापासून केळीच्या बागेत आत शिरते. जुन्या वळणाचं लाल लुगडं नेसलेली एखादी आजी त्या पाटाशी चार-पाच फुटांवर उभी राहायला तयार झाली, तर मागच्या सगळ्या हिरव्याला अर्थ येतो. अर्थात आधी तिला विचारून.

आकाशाबद्दल माझं मत कडक आहे. आकाशात बघण्यासारखं काही नसेल तर त्याला फोटोचा चौथा हिस्साही देऊ नका. मृगाचे ढग जमले असतील तर खुशाल तीन हिस्से द्या. आणि आकाश फार उजळ असलं की जमीन काळी येते. तेव्हा पडद्यावर जमिनीच्या जागी बोट टेकवा, उजेड जमिनीला मिळतो.

कडेची माणसं रुंद का होतात तेही सांगते. एवढं रुंद दृश्य सपाट चौकटीत सरळ बसवायचं तर कडा ताणाव्या लागतात. चादर चारी कोपऱ्यांनी ओढली की कडेची नक्षी फाकते, तसंच. म्हणून गटाच्या फोटोत वयस्कर बायकांना आणि लहान मुलांना मधे घ्या. ओळ किंचित अर्धगोल करा, टोकाच्या बायका थोड्या मागे जाऊ देत. अगदी कोपऱ्यात कुणाचा चेहरा नको. तिथे झाड चालेल, दार चालेल.

सहलीला वसईचा किल्ला काही लांब नाही. १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला या लेन्ससाठी फार चांगली शाळा आहे. छप्पर गेलेल्या चर्चच्या उंच भिंती अगदी अंगावर येतात, मागे सरायला जागा नसते, तिथे पॉइंट पाच हवंच. पण भिंत पुरती यावी म्हणून फोन वर वाकवला की भिंती आत कलतात, पडतील की काय असं वाटतं. फोन ताठ धरा, आपल्या घराच्या चौकटीसारखा. भिंतीचा माथा मावत नसेल तर चार पावलं मागे या, फोन वाकवू नका. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या समाधीशिळा आहेत. एका शिळेजवळ खाली बसून काढलेला फोटो बघा. समोर अक्षरं, मागे मोडकी कमान आणि तिच्यात आकाश. समाध्या आहेत, तेवढं भान ठेवून, त्यांच्यावर न चढता.

काही जागा अशा असतात की दुसऱ्या लेन्सने जमतच नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा वाटीसारखा आत वळलेला आहे. कड्यावर उभं राहिलं की तो डावीकडून उजवीकडे आपल्याला घेरतो. याच कड्यावर कर्नल साइक्स यांना धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं, ज्याला आपण इंद्रवज्र म्हणतो. असं गोल दृश्य पुरतं घ्यायचं तर रुंदच लेन्स पाहिजे. साताऱ्याच्या कास पठाराचं उलट आहे. तिथली फुलं बोटाच्या पेराएवढी, उभ्याने पॉइंट पाच केलं तर दिसतातच कुठे? वाटेच्या कडेला बसून, फूल हातभर अंतरावर ठेवून काढलं तर फूल आणि पठार दोन्ही येतं. फोटोसाठी फुलांत पाय मात्र घालू नये. २०१२ पासून हे पठार पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे, आणि तसं नसतं तरी घालू नये.

आता सांभाळायच्या गोष्टी. कड्यावर किंवा भुईगाव, राजोडीच्या किनाऱ्यावर हे बटण दाबून पडद्यात बघत मागे मागे जाऊ नका. लाट पडद्यात लांब दिसते. दुप्पट लांब दिसते म्हणा ना! प्रत्यक्षात ती पायाशी आलेली असते. कड्याची कडही तशीच फसवते. आधी डोळ्यांनी जागा बघायची, उभं राहायचं, पाय रोवायचे आणि मगच फोन वर घ्यायचा. एक पाऊल जरी सरायचं असलं तरी फोन खाली.

बहुतेक फोनमध्ये ही लेन्स रोजच्या लेन्सपेक्षा कमी उजेड घेते. दिवस मावळल्यावर तिचे फोटो पुसट आणि दाणेदार येतात, तेव्हा १ वरच राहा. आपल्याकडे खारी हवा, त्यात कामाचे ओले हात. काढायच्या आधी लेन्स सुती पदराने पुसा. आणि फोन धरणारं बोट तपासा, या रुंद नजरेत ते हमखास येतं.

आणखी एक सांगायचं राहिलं तर चालणार नाही. नालासोपारा-विरारकडच्या फ्लॅटच्या जाहिराती बघताना हाच नियम आठवा. खोली हॉलएवढी दिसते, पलंगाचा जवळचा कोपरा भलताच मोठा आणि समोरची खिडकी इवलीशी दिसत असेल, तर फोटो या लेन्सचा आहे. खोली किती आहे ते टेपने मोजायचं, फोटोवरून नाही. जमिनीचा तुकडा विकत घेतानाही तेच.

हा नियम आपल्यालाही लागू होतो, आणि तिथे तो महत्त्वाचा आहे. आपल्या वाड्यांतली बावखलं घ्या. माती उचलून वाडी उंच केली, खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं, त्यावर रहाट बसला, केळी-पानवेली जगल्या. शेजारी समुद्र असून विहिरींना गोडं पाणी राहिलं, त्यात या बावखलांचा वाटा मोठा. आता नळ आले, बोअर आल्या, आणि एकेक बावखल राडारोडा टाकून बुजवलं जातंय. गटातल्या बायका फोटो काढतात, हे चांगलंच आहे. पण अर्धं बुजलेलं बावखलसुद्धा पॉइंट पाचमध्ये मोठं दिसतं, कारण समोरचा काठ लांब जातो. मागच्या वर्षीचा फोटो १ वर आणि यंदाचा पॉइंट पाचवर असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. समोरचा माणूस हसून म्हणेल, "ताई, बघा, उलट वाढलंय!"

म्हणून असं करा. बावखलाच्या काठावरची एक न हलणारी जागा ठरवा, विहिरीचा कठडा किंवा पायरीचा दगड. समोरची खूण ठरवा, एखादा नारळ किंवा घराचा कोपरा. फोन छातीशी, आडवा, ताठ. समोरच्या काठावर पाच फुटांची खुणा केलेली काठी घेऊन एकीला उभं करा, म्हणजे मोजायला माप मिळतं. पहिला फोटो १ वर काढायचा, पुरावा म्हणून तोच. दुसरा पॉइंट पाचवर, आजूबाजूला काय आहे ते दिसावं म्हणून, म्हणजे रस्ता कुठे, वाडी कुठे, राडारोडा कुठून येतोय. वर्षातून दोनदा, मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावर आणि गणपतीनंतर भरलेलं असताना. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू ठेवा.

हे फोटो ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्यांकडे पाठवायचे झाले तर व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखे पाठवू नका. तसं पाठवलं की फोटो लहान होतो आणि त्याच्या आत नोंदलेली तारीख, जागा निघून जाते. पिनेचं चिन्ह दाबून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि गटाच्या वहीत दर वेळी एक ओळ लिहा: तारीख, कुठल्या दगडावरून, कुठल्या नारळाकडे, १ की पॉइंट पाच, काठी कुणी धरली होती.