शब्द सापडतात, दिशा सापडत नाही

‘नॉनव्हर्बल लर्निंग डिसऑर्डर’ हे नाव ऐकले की बहुतेकांना न बोलणारे मूल आठवते. स्वमग्नतेच्या संदर्भात ‘नॉनव्हर्बल’ म्हणजे न बोलणारा, असाच अर्थ रूढ आहे. त्यामुळे हा गैरसमज साहजिक आहे. प्रत्यक्षात ही माणसे भरपूर बोलतात. अनेकदा लवकर वाचू लागतात, पाठांतरात पुढे असतात. त्यांचे अडते ते शब्दांबाहेरच्या माहितीपाशी : आकार, अंतर, दिशा, चेहऱ्यावरचे भाव, आवाजातला चढउतार. मी त्यांतलीच एक. वयाच्या ३६व्या वर्षी मला हे नाव मिळाले. मराठीत त्याला ‘अशाब्दिक अध्ययन-अक्षमता’ म्हणता येईल.

शाळेत भूमितीचे प्रमेय मला शब्दशः येई. आकृती जरा फिरवून दिली की तेच प्रमेय ओळखू येत नसे. उभ्या गुणाकारात हातचा शेजारच्या रकान्यात जाई. लेझमीत सगळा वर्ग उजवीकडे वळला की मी डावीकडे. निबंधाला मात्र वर्गात सर्वाधिक गुण. इतके चांगले लिहिणाऱ्या मुलीला ठिपक्यांची रांगोळी जोडता येत नाही, याचा घरीदारी एकच अर्थ लावला जाई : लक्ष नाही.

अमेरिकेतील डोरिस जॉन्सन आणि हेल्मर मायकलबस्ट यांनी १९६७ साली आपल्या अध्ययन-अक्षमतेवरील ग्रंथात अशा मुलांचे वर्णन केले. कॅनडातील बायरन रूर्क यांनी १९८९च्या पुस्तकात त्याला सविस्तर रूप दिले. मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या श्वेतद्रव्यात या अडचणीचे मूळ असावे, अशी त्यांची मांडणी होती. तिच्यावर आजही वाद आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उत्तर अमेरिकेतील सुमारे ३ ते ४ टक्के मुलांत ही लक्षणे असावीत, असा अंदाज केला. तरीही अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानसंहितेत या अवस्थेला स्वतंत्र स्थान नाही. डॉक्टर तिचे वर्णन करतात, पण तिला अधिकृत क्रमांक नाही.

स्वमग्नतेशी गल्लत होते ती इथेच. टोमणा कळत नाही, समोरचा कंटाळला आहे हे दिसत नाही, मित्र टिकत नाहीत : ही तक्रार दोन्हीकडे सारखी. पुण्यात राहून टोमणा न कळणे ही काही लहानसहान उणीव नव्हे! १९९५ साली येल विद्यापीठातील अमी क्लिन व सहकाऱ्यांनी अ‍ॅस्पर्गर असलेल्या व्यक्तींच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा अनेकांचा आलेख अशाब्दिक अक्षमतेसारखाच निघाला. पुढे २०१३च्या निदानसंहितेत अ‍ॅस्पर्गर हे नाव स्वमग्नतेच्या वर्णपटात विलीन झाले आणि सीमारेषा आणखी पुसट झाली.

तरी फरक आहे. स्वमग्नतेच्या निदानाला सामाजिक संवादातील अडचणींबरोबर दुसरी बाजूही लागते : त्याच त्या कृती, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्याच विषयाचा ध्यास, आवाज वा स्पर्श असह्य होणे. माझ्यात ही बाजू जवळजवळ नाही. दुसरे असे की, रंगीत ठोकळे जुळवून नक्षी करण्याच्या चाचणीत स्वमग्न व्यक्ती पुष्कळदा सरस ठरतात, हे अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी १९९३मध्ये दाखवले. माझी सर्वांत मोठी फजिती त्याच ठोकळ्यांपाशी झाली. अर्थात दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत असू शकतात. म्हणून एकच खूण पाहून निवाडा करता येत नाही.

आपल्याकडे मुलांच्या बुद्धिमापनासाठी मालिन यांची चाचणी फार वापरली जाते. वेश्लर यांच्या चाचणीचे हे भारतीय रूप आर्थर मालिन यांनी नागपुरात काम करताना तयार केले. त्याची पुस्तिका १९६९ची. तिचे दोन भाग आहेत, शाब्दिक आणि कृतीचा. शाळेत असताना झालेल्या तपासणीत माझे शाब्दिक गुण ११९ आणि कृतीचे ८१ होते. सरासरी १००. अहवालात ठळक अक्षरांत तेवढाच आकडा होता आणि पुढे ‘सामान्य’ हा शब्द. ज्या फरकात माझी सगळी अडचण होती, तो सरासरीने झाकला. एवढ्या फरकावरून निदान होत नाही, पण पुढे शोधायचे कुठे, ते त्यावरून नक्की कळते.

कायद्यातही अशीच एक फट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने २१ प्रकार मान्य केले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता हे त्यांतले दोन. अध्ययन-अक्षमतेची व्याख्या मात्र बोललेली वा लिहिलेली भाषा हाताळण्यातील उणिवेपासून सुरू होते. माझी भाषा तर सर्वांत बळकट! त्याच व्याख्येच्या शेवटी संवेदन-अक्षमता, गणन-अक्षमता आणि हालचालींतील विसंवाद यांचीही नावे आहेत. अशाब्दिक अक्षमतेच्या मुलाला दार आहे ते तिथेच. महाराष्ट्रात दहावीला जादा वेळ किंवा बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित अशा सवलती प्रमाणपत्रावर मिळत आल्या आहेत. दार सापडले नाही तर चांगले लिहिणारे मूल गणितात नापास होऊन बसते.

‘तारे जमीं पर’ने २००७मध्ये डिस्लेक्सिया घरोघरी पोहोचवला. त्यातला मुलगा चित्रे उत्तम काढतो, अक्षरे त्याला नाचताना दिसतात. आमचे नेमके उलट, म्हणून त्या चित्रपटानंतरही आम्ही कोणाच्या लक्षात आलो नाही.

उपाय साधा, पण कष्टाचा आहे : जे दिसत नाही त्याचे शब्द करायचे. मांजरीतला रस्ता मी डोळ्यांनी ओळखत नाही, पाठ म्हणते. ‘पिठाची गिरणी, तिच्यानंतर दुसरे डावे वळण.’ २०२१मध्ये मांजरी बुद्रुक महापालिकेत आले. शेतांच्या जागी संकुले उभी राहत आहेत आणि माझी वाक्ये दर वर्षी शिळी होतात. मग नवी रचते. माणसांच्या बाबतीतही तेच. भावाला सांगून ठेवले आहे, ‘दादा, रागावलास तर तोंडाने सांग.’ तो सांगतो. घरातली निम्मी भांडणे त्यामुळे मिटली.

ज्यांच्या घरी असे बोलके पण गोंधळलेले मूल आहे त्यांनी तपासणीनंतर सरासरीवर समाधान मानू नये. शाब्दिक आणि कृतीचे गुण वेगवेगळे लिहून मागावेत. ‘स्वमग्नता आहे की नाही?’ या प्रश्नाबरोबरच ‘याला जागेचे आणि आकाराचे भान किती आहे?’ हेही विचारावे. दुसरा प्रश्न सहसा कोणी आपणहून विचारत नाही.