गाभा तापमान, साच्याचे
अंतःक्षेपण साच्यात प्लॅस्टिक वस्तूची आतील बाजू घडविणाऱ्या भागाचे, म्हणजे कोअरचे, तापमान. वितळलेले प्लॅस्टिक गाभ्याला वेढते व त्यात जलमार्गांना जागा अपुरी असते. त्यामुळे तो सामान्यतः पोकळीच्या भिंतीपेक्षा अधिक तापतो. शीतनाच्या संगणकीय गणनेतील आकडा बहुधा संपूर्ण आवर्तनाची सरासरी असतो. साचा उघडल्यावर केलेल्या मापनाशी तो थेट ताडणे योग्य नव्हे. दोन्ही बाजूंच्या तापमानांतील फरक महत्त्वाचा होय : उष्ण बाजू उशिरा थिजून अधिक आकसते व वस्तू तिकडे वाकते. यावर गाभ्यात जलमार्ग वाढवितात किंवा बेरिलियम-तांब्याचे उष्णतावाहक भाग बसवितात. केवळ पाणी अतिथंड केल्यास पालघर, बोईसर-तारापूर अशा किनारी भागांत पावसाळी हवेतील बाष्प साच्यावर द्रवीभूत होऊन वस्तूवर डाग पडतात व पोलाद गंजते.