विश्लेषण : भांगेचे हिमालयीन वाण पैदासकारांना का हवे आहेत?

उत्तराखंडच्या कुमाऊं-गढवालमध्ये भांगेच्या बियांची चटणी घरोघरी होते. या बियांनी नशा चढत नाही. खोडाच्या सालीपासून दोर वळले जातात. गांजाच्या बदनामीमुळे विसरले जाते, पण हे डोंगरातले जुने पीक आहे आणि त्याचे देशी वाण आता कात्रीत सापडले आहेत.

देशी वाण म्हणजे काय?
त्या त्या खोऱ्यातील हवामानात टिकलेले आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले बियाणे. एकाच शेतातली झाडेही उंची, फांद्या, फुलोऱ्याची वेळ यांत सारखी नसतात. कारखान्याला ही अडचण वाटते, पैदासकाराला मात्र त्यातूनच निवड करता येते.

परदेशी बियाण्याने का भागत नाही?
भांगेचा फुलोरा दिवसाच्या लांबीवर ठरतो. उत्तर युरोपात उन्हाळ्यातला दिवस फार मोठा असतो. तिथले वाण भारतात लावले, की आखूड दिवसांमुळे ते लवकर फुलतात, झाड खुजे राहते आणि धागा कमी मिळतो. हिमालयीन वाणांत ही वेळ आधीच जुळलेली आहे. ती नव्याने जुळवायची तर कित्येक हंगाम जातील.

मग अडले कुठे?
एनडीपीएस कायद्याच्या (१९८५) कलम १४ नुसार धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देता येते. उत्तराखंडने २०१८ मध्ये ही वाट खुली केली. अट अशी, की नशा आणणारा टीएचसी हा घटक ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. हा आकडा अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचवला होता. पुढे तो जगभरच्या कायद्यांत शिरला!

अनेक देशी झाडे या मर्यादेत बसत नाहीत. त्यामुळे बाहेरच्या कमी टीएचसीच्या बियाण्याकडे ओढा असतो. धोका इथेच आहे. भांगेत नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात, परागकण वाऱ्यावर किलोमीटरच्या किलोमीटर जातात. परक्या नराचा पराग शेजारच्या देशी मादीवर पडला, की पुढचे बी संकरित होते. बी हातात घेऊन शेतकऱ्याला हा फरक कळत नाही.

मार्ग काय?
टीएचसी आणि नशा न आणणारा सीबीडी हे झाडात एकाच मूळ रसायनापासून तयार होतात. कशाचे प्रमाण जास्त, हे मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरते. त्यामुळे देशी झाडांतूनच कमी टीएचसीची झाडे निवडून, गरजेप्रमाणे संकर करून, इथल्या हवामानाला साजेसे वाण तयार करता येतात. त्यासाठी मूळ बियाणे खोरे आणि उंचीच्या नोंदीसह गोळा करून थंड साठवणीत ठेवावे लागेल, आणि तेही बाहेरचे बियाणे त्या खोऱ्यात पोहोचण्याआधी.