तीन आवाज, एक गाणे

कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस जॉर्जिया हा लहानसा देश आहे. तेथील खेड्यांतून जी गाण्याची रीत चालत आली, ती आपल्या कानांस प्रथम चमत्कारिक वाटते. आपल्याकडे साथीला माणसे कितीही असोत, सारी एकाच चालीच्या मागे जातात. तेथे एकाच वेळी तीन चाली निघतात आणि त्या मिळून एक गाणे होते. त्यांतील एक काढून घेतली, की उरतो तो गाण्याचा तुकडा.

पूर्वेकडील काखेती प्रांताची रीत आपल्याला त्यातल्या त्यात जवळची वाटेल. पुष्कळ जण मिळून खालचा स्वर लांबवीत धरतात. त्यास 'बानी' म्हणतात. त्याच्या आधारावर दोन गायक आपली सुरावट फिरवितात. परंतु तानपुऱ्याची उपमा येथे फार ताणू नये. हा आधार मधूनच आपली जागा बदलतो आणि वरच्या स्वरांचा रंगच पालटून टाकतो. मेजवानीचे 'चाक्रुलो' हे गाणे या रीतीचे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर ते आहे.

पश्चिमेस गुरिया प्रांतात खालचा आवाजही स्वस्थ बसत नाही. तिघे आपापल्या वाटेने धावतात, आणि 'क्रिमान्चुली' नावाचा सर्वांत वरचा आवाज तर क्षणोक्षणी उड्या घेत राहतो. तिघे भांडताहेत की काय असे वाटावे, तोच ते जुळून येतात!

या विद्येचा धोकाही तिहेरी आहे. एकट्याने गाण्याची चाल शेवटच्या जाणकारापर्यंत तरी टिकते. येथे जोडीदार गेले की जाणकार असूनही गाणे थांबते. गुरियाचे आर्तेम एर्कोमाइश्विली यांच्या वाट्यास हेच आले. देवळातील स्तोत्रेही तेथे तीन आवाजांतच गातात. ती त्यांना मुखोद्गत होती. पण सोव्हिएट अमलात त्या गायनास उघड थारा उरला नव्हता आणि जुने सोबती निघून गेले होते. १९६६ साली तिबिलिसीच्या संगीत विद्यालयात त्यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. त्यांनी प्रथम एक आवाज गाइला. मग ती फीत लावून तिच्याबरोबर दुसरा गाइला, आणि ते दोन्ही ऐकत तिसरा. अशी शंभराहून अधिक स्तोत्रे त्यांनी एकट्याने तिघांची म्हणून गाइली. पुढच्याच वर्षी ते वारले.

त्यांचे नातू आन्झोर यांनी १९६८ साली 'रुस्तावी' हे गायकमंडळ काढले. युनेस्कोने २००१ साली या गायनाचा गौरव केला, तोही योग्यच. परंतु आम्हांस त्या फितींचे मोल अधिक वाटते. त्यांत आधी एकटा आवाज, मग दोन, मग तीन अशी पायरीपायरीने स्तोत्रे ऐकू येतात, आणि नव्या गायकांना त्यांवरून आपापला आवाज वेगळा काढून बसविता येतो.