अंडाशय थांबतात, चरबी थांबत नाही



काही महिन्यांपूर्वी इंदूरहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तिचं वय सदुसष्ट. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि आता डॉक्टरांनी पाच वर्षं रोज एक लेट्रोझोलची गोळी घ्यायला सांगितली होती. ताई म्हणाली, "अरे, पाळी जाऊन सतरा वर्षं झाली. हार्मोन बंद करायची गोळी मला आता कशाला? जे नाहीच, ते बंद काय करायचं?" त्यात शेजारणींनी सांगितलेलं, तूप-तेल-दूध सगळं सोड, चरबीवरच गाठ वाढते. तूप तिनं सोडलंच होतं. गोळीही सोडायच्या बेतात होती.

मी डॉक्टर नाही. पण तिचा प्रश्न मला बिनतोड वाटला, म्हणून वाचायला बसलो आणि तिच्या डॉक्टरांनाही विचारलं. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडतो, कारण हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळ घरांतला आहे.

सुरुवात ग्लासगोपासून करू. तिथले सर्जन जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग खूप पसरलेल्या एका तरुण स्त्रीची अंडाशयं काढली आणि तिच्या गाठी विरल्या. हा अनुभव त्यांनी 1896 मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा हार्मोन हा शब्दसुद्धा रूढ नव्हता. पुढे उलगडा झाला की अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन अनेक गाठींना वाढीचा हुकूम देतं. ज्या पेशींत हा हुकूम ऐकणारी यंत्रणा असते, त्यांच्या बायोप्सी रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' असं लिहिलेलं असतं. निम्म्याहून जास्त स्तनाचे कर्करोग या प्रकारचे असतात. ताईचाही तोच होता.

आता तिच्या प्रश्नाकडे येऊ. पाळी गेली, अंडाशयं थांबली, मग इस्ट्रोजेन येतं कुठून?

फौजेत आम्हाला शिकवलेलं असतं की शत्रूचं मुख्य कोठार बंद पडलं म्हणजे त्याची रसद तुटली, असं समजू नका. गावोगावची छोटी कोठारं शोधा. शरीरात ही छोटी कोठारं म्हणजे चरबी. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी म्हातारपणीही अँड्रोजेन नावाची संप्रेरकं तयार करत राहतात. चरबीच्या थरात अरोमाटेज नावाचं एक विकर असतं. ते या अँड्रोजेनचं इस्ट्रोजेन करतं. स्तन तर बराचसा चरबीचाच बनलेला. त्यामुळे पाळी गेलेल्या स्त्रीच्या रक्तात इस्ट्रोजेन अगदी कमी असलं, तरी स्तनाच्या आत ते कित्येक पट जास्त सापडतं. गाठीच्या शेजारीच कारखाना चालू असतो, म्हणा ना.

लेट्रोझोलची गोळी हा कारखाना बंद करते. या औषधांचा पाया घातला अँजेला ब्रॉडी या संशोधक बाईंनी. नेमकं अरोमाटेजलाच रोखणारं पहिलं औषध, फॉर्मेस्टेन, त्यांच्या कामातून आलं. आज अनॅस्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही तीन औषधं जगभर वापरली जातात. टॅमॉक्सिफेन ही जुनी गोळी वेगळ्या रीतीनं चालते. ती इस्ट्रोजेन बनू देते, पण पेशीतली त्याची जागा स्वतः अडवून बसते.

इथे एक इशारा. अंडाशयं चालू असलेल्या तरुण स्त्रीला नुसती लेट्रोझोल पुरत नाही, कारण मुख्य कोठार उघडंच असतं. तिला टॅमॉक्सिफेन देतात, किंवा अंडाशयं शांत ठेवणारं इंजेक्शन देऊन त्याच्या जोडीला ही गोळी देतात. किमोथेरपीनं पाळी थांबली म्हणजे ती कायमची गेली, असंही नसतं. म्हणून एकीची गोळी पाहून दुसरीनं घेऊ नये.

चरबीचं काम एवढ्यावर संपत नाही. पोटावर चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन हाही पेशींना वाढायला सांगणारा संदेश आहे. फुगलेल्या चरबीच्या पेशी मरू लागतात, त्यांच्याभोवती संरक्षक पेशी गोळा होतात, दाह वाढतो आणि त्या दाहामुळे अरोमाटेज आणखी वाढतं. शिवाय गाठीला लागून असलेल्या चरबीच्या पेशी आपली मेदाम्लं सोडतात आणि कर्करोगाच्या पेशी ती इंधन म्हणून जाळतात, नव्या पेशींची आवरणं बांधायलाही वापरतात. कर्करोग फक्त साखरेवर जगतो ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

गंमत अशी की पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत पाळी चालू असलेल्या जाड स्त्रियांना हा कर्करोग थोडा कमीच होताना दिसतो, पाळी गेल्यावर मात्र चित्र उलटं होतं. आपल्याकडे त्यावर विसंबू नये. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या संशोधकांचा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पोटाची चरबी जास्त असेल तर धोका जास्त, पाळी चालू असो की गेलेली. आपल्या बायका वजनकाट्यावर बारीक दिसतात आणि चरबी कंबरेशी साठलेली असते. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेपही हाताशी ठेवा. भारतीय स्त्रीसाठी कंबरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत असावा, असं मानतात.

मग तूप सोडायचं का? ताटातली चरबी आणि अंगातली चरबी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत पाळी गेलेल्या 48,835 स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. त्यातल्या काहींना आहारातली चरबी कमी करायला लावली. सुमारे आठ वर्षांनी, 2006 मध्ये जो निकाल आला, त्यात कर्करोग होण्याचं प्रमाण थोडं कमी दिसलं, पण तो फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका ठळक नव्हता. खूप वर्षांनंतर त्या गटात या रोगानं होणारे मृत्यू कमी आढळले. त्या बायकांनी भाज्या, फळं आणि धान्यंही वाढवली होती, हे विसरू नका. म्हणजे तळण आवरणं शहाणपणाचं, पण वरणभातावरच्या चमचाभर तुपाला गुन्हेगार ठरवायला आधार नाही.

उपचार चालू असताना उपाशी राहणं तर घातकच. त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात, अशक्तपणा येतो आणि किमोथेरपी सोसत नाही. डाळ, दूध, दही, अंडी, जे घरात चालतं ते पोटभर खावं. रोज चालावं. जमेल तसे हातापायांना ताकद देणारे व्यायाम करावेत.

मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चयापचय सुधारते, म्हणून ती कर्करोगावरही चालेल अशी मोठी आशा होती. मधुमेह नसलेल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल 2022 मध्ये आला. फायदा दिसला नाही. तेव्हा कुणी सांगितलं म्हणून ती सुरू करू नका.

लेट्रोझोलची किंमतही मोजावी लागते. इस्ट्रोजेन हाडांचं राखणदार आहे. ते गेलं की हाडं ठिसूळ होतात, सकाळी सांधे धरतात, बोटं वळत नाहीत. पुष्कळ बायका याच टप्प्यावर कुणाला न सांगता गोळी सोडतात, आणि बंद कोठारं पुन्हा उघडतात. सोडू नका, डॉक्टरांना सांगा. हाडांची घनता तपासता येते, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देता येतं, एक गोळी सोसली नाही तर दुसरी देता येते.

ताईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सोडायला निघाले ती गोळी धरायची, आणि सोडलं ते तूप थोडं चालेल." तीन आठवड्यांनी तिचे सांधे दुखू लागले. या वेळी ती शेजारणीकडे गेली नाही, डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गोळी बदलून दिली. ती चालू आहे, आणि संध्याकाळचं चालणंही.

तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर आज तिला एवढंच विचारा, "गोळी घेतलीस का?" पुढच्या भागात भेटू. जय हिंद.