चालतं कुंपण

शिकागोच्या उत्तर भागात, मिशिगन सरोवराच्या काठावर मॉन्ट्रोझची चौपाटी आहे. उन्हाळ्यात तिथे व्हॉलीबॉलची जाळी लागतात; जवळच कुत्र्यांना मोकळं सोडायचा किनारा. २०१९ मध्ये या गर्दीतच पायपिंग प्लव्हर जातीच्या चिखल्यांच्या एका जोडीने वाळूत अंडी घातली. चौपाटीवरूनच त्यांची नावं पडली, मॉन्टी आणि रोझ. ग्रेट लेक्स भागात १९९० च्या सुमारास या पक्ष्याच्या डझनभरच जोड्या उरल्या होत्या.

घरटं राखणं त्यातल्या त्यात सोपं. वाळूतल्या उथळ खळग्यात बहुधा चार अंडी असतात. त्यावर तारेचा पिंजरा बसवतात. त्याच्या फटींतून चिखल्या ये-जा करतो, कुत्रा शिरू शकत नाही. नर-मादी आळीपाळीने सुमारे चार आठवडे अंडी उबवतात. दिवसभर पाळ्या लावणाऱ्या स्वयंसेवकांचं काम तेव्हा मुख्यतः बोलण्याचं. थांबलेल्याला दुर्बिणीतून पक्षी दाखवायचा, घरट्याभोवतीच्या दोरीच्या आत पाऊल टाकू पाहणाऱ्याला समजावायचं. हाती अधिकार नाही, फक्त विनंती.

खरी धावपळ पिल्लं बाहेर आल्यावर.

आईबाप पिल्लांना पंखाखाली घेतात, पण भरवत नाहीत. त्यामुळे कापसाच्या बोळ्याएवढी ती पिल्लं पहिल्या दिवसापासून किडे टिपायला पाण्याच्या कडेला पळतात, म्हणजे नेमकी माणसं फिरतात तिथेच. दोरी त्यांना अडवत नाही. मग स्वयंसेवकच चालतं कुंपण होतात: एकाची नजर पिल्लावर, दुसरा येणाऱ्याला वळसा घालायला सांगतो. धोक्याची शीळ ऐकली की पिल्लू वाळूला चिकटून निश्चल बसतं. ससाण्याला चकवणारी ही युक्ती माणसाच्या पायाखाली जिवावर बेतते. मोठा पक्षी पंख मोडल्याचं सोंग करत लंगडू लागला, तर आपणच फार जवळ आलो असं समजून मागे सरायचं.

२०१९ मध्ये मॉन्टी-रोझची दोन पिल्लं उडाली. या पक्ष्यांसाठी चौपाटीवरचा ऑगस्टमधला संगीत महोत्सव आयोजकांनी रद्द केला. २०२१ मध्ये स्कंक नावाच्या प्राण्याने अंडी फस्त केली. जोडीने पुन्हा घातली, त्यांतून इमानी जन्मला. २०२२ मध्ये मॉन्टी मेला, रोझ परतलीच नाही. २०२४ मध्ये इमानीने सी रॉकेटशी जोडी जमवली. ती माणसांनी वाढवून आदल्या वर्षी याच चौपाटीवर सोडलेली मादी. चार अंड्यांतून चार पिल्लं निघाली. उडण्याइतकं मोठं झालं ते एकच, नागामो.